दहापैकी किती

रॅनफर्लीच्या दवाखान्यातून निघताना
मनगटावर पट्टा बांधून दिला मला.
काळा, रबरी, मेंढीच्या कानातल्या बिल्ल्याइतका हलका.
सेफीना नर्स म्हणाली, "एव्हरिल, आता तुमचं दुखणं
आम्हाला इथे बसून दिसेल."
म्हटलं, मला तर बाई अजून दिसलेलं नाही,
दिसलं की कळव.

दर चार तासांनी तो थरथरतो.
विचारतो, दहापैकी किती?
मी बटाटे सोलता सोलता थांबते,
अंगठ्याच्या मुळाशी काय चाललंय ते ऐकते.
पाच? साडेपाच त्यात नसतं.
आणि पाच म्हणजे कशाचे पाच?
कळ वेगळी, ठणका वेगळा, रग वेगळी,
सगळ्यांना एकाच तागडीत घालायचं.

एकेचाळीस वर्षं मी लोकर पारखली.
कातरणाऱ्याच्या पायातून उचललेली लोकर
टेबलावर पडायची चादर झटकल्यासारखी,
अजून मेंढीच्या अंगाइतकी गरम.
तिची एक बट दोन चिमटींत धरायची,
कानाशी नेऊन ताणायची, टिचकी द्यायची.
टणकन वाजली की माल खरा.
अठरा मायक्रॉन, एकोणीस, तेवीस,
बोटं आधी सांगायची,
प्रयोगशाळा आठवड्याने मान डोलवायची.
मग यंत्रच शेडमध्ये आलं, सूटकेसएवढं.
खोटं बोलायचं नाही ते.
फक्त त्याला मेंढी कधी भेटली नव्हती.
बोटं बिनकामाची झाली ती तेव्हा.
वाकडी व्हायला पुढे अकरा वर्षं लागली.

जूनमध्ये फर्न गेली.
मेंढरं वळायची, सोळा वर्षांची.
शेगडीसमोर तिचं डोकं माझ्या मांडीवर,
बाहेर दहिवराने कुंपणाची तार पांढरी,
आणि माझ्या खुब्यातून सणक पार पोटरीपर्यंत.
पाय हलवला असता तर ती जागी झाली असती.
नाही हलवला.
अडीच ते साडेपाच.
सकाळी पट्टा म्हणाला, शाब्बास!
सलग तीन तास गाढ झोप.
या महिन्यातली तुमची सर्वोत्तम रात्र.

काढून पिठाच्या डब्यात टाकला.
दुपारी पुन्हा काढला, पुसला, घातला.
सेफीनाने त्याच्यासाठी किती कागद भरले होते.

आकड्याखाली एक चौकट असते, टिपण लिहायला.
कोणी लिहीत नाही म्हणे.
मी लिहू लागले.

सोमवार: बारीक, मेरिनो, सतराचा धागा.
हाताला लागत नाही, रात्रभर कातला जातो.
बुधवार: भरड. गुंता. काटेकुसळं फार.
गुरुवार: ओलं. गठ्ठ्यात दाबू नये, आतून तापेल.
शनिवार: पोटाखालचं.

लगेच दवाखान्यातून फोन.
"पोटात कधीपासून दुखतंय?
सोनोग्राफीची तारीख घेतली आहे."
मी इतकी हसले, इतकी,
की पट्ट्याने विचारलं, व्यायाम सुरू केलात का?

पुढच्या खेपेला पावाच्या पिशवीत चार बटा नेल्या.
म्हटलं, हातमोजे काढ. डोळे मीट.
ही सोमवारची. ही बुधवारची, सांभाळून, काटा आहे.
शेवटची, आखूड, पिवळी, मातीने मळलेली,
मेंढी जिच्यावर बसते, ती.
सेफीनाने ती बराच वेळ चोळली.
"ही माझ्या आईची," ती म्हणाली.
"आपियात. गुडघे. आकडा कधी सांगितला नाही तिने,
चर्चमध्ये उभी राहायची फक्त."

बाहेर कुणीतरी खोकत होतं, पुढचा नंबर.
तिने पडद्यावर सहा दाबले.
म्हटलं, सात कर.
केले तिने सात.
बट मात्र परत दिली नाही,
गणवेशाच्या खिशात गेली,
थर्मामीटरशेजारी.